वाऱ्यात फेकलेली तबकडी

नव्या प्लास्टिकचा वास आला की डिंगोऱ्याचं माळरान आठवतं. प्लास्टिकच्या तबकड्या लांबच्या टोपलीत फेकायच्या खेळाचा, डिस्क गोल्फचा, शेवटचा डाव, समोरून वारा, आणि बांधापलीकडे झेंडू तोडणाऱ्या बाया. मित्र म्हणाला, "राव, ती कंट्रोल ड्रायव्हर तबकडी घे. लई लांब जात न्हाई, पण वाऱ्यात ऐकती." जिंकायच्या हौसेनं मी लांब पल्ल्याची तबकडी उचलली. ती वाऱ्यानं वळली आणि एका मावशीच्या डोळ्यापाशी बसली. "कुणी फेकली रं?" बाया ओरडल्या. "माझ्या हातनं गेली, मावशी," मित्रच म्हणाला. दवाखान्याबाहेर आम्ही दोघं बसलो, तेव्हा मला धास्ती तिच्या डोळ्याची नव्हती. हा खरं सांगेल याची होती. डोळा वाचला. मावशी अजून मित्राला बघून तोंड फिरवते. मला मात्र, गाडीवरून दवाखान्यात नेलं म्हणून, बोलावून चहा पाजते.