पाच फुटी पलंग
शेजाऱ्यांच्या नव्या कपाटाला आज पॉलिश चाललंय आणि त्या उग्र वासाने माझं डोकं अजूनही तापतं. आठ-दहा वर्षांपूर्वी आम्ही भांडुपला डोंगराच्या उतारावर एका खोलीत पाच जण राहायचो. कमी उत्पन्नवाल्यांसाठी स्वस्त घरांची योजना निघाली, म्हणून आई, बाबा आणि मी सँपल फ्लॅट बघायला गेलो. पलंग, कपाट, टेबल मांडूनही आतल्या खोलीत ऐसपैस जागा उरलेली. आई तर देव्हारा कुठे लावायचा ते ठरवू लागली. बाबा सुतार. ते पलंगाजवळ थबकले, वाकून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि चपला काढून सरळ आडवे झाले. त्यांची पावलं बाहेर लटकत होती. “काका, उठा ना, शोचा आहे तो,” घर दाखवणारा म्हणाला. “माहितेय. मीच बनवलाय,” बाबा पडूनच म्हणाले. “हॉस्टेलच्या पोरांसाठी आहेत, पाच फुटीच करा, असं सांगितलेलं मला.” आईने हळूच विचारलं, “म्हणजे आपला पलंग इथे मावणार नाय?” बाबा उठून चपला घालू लागले. फॉर्म तिथेच टाकून आम्ही निघालो. घर लहान होतं याचा राग मला आजही नाही; लहान घरातच आम्ही जन्म काढलाय. ते मोठं दिसावं म्हणून योजनावाल्यांनी बाबांच्याच हातून पलंग आखूड करून घेतला, आणि पोरांना कुसळ टोचू नये म्हणून बाबांनी तो दोनदा घासून पॉलिश केला होता.