साहेबांसाठी उटकटारा

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीकडच्या एका खेड्यात मास्तरीण होते. वय बावीस. माहेर देवळाली प्रवराचं, पाटपाण्याचं. ऊस बघत वाढलेली. इथल्या उघड्या माळानं जीव नुसता कासावीस व्हायचा. बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता, पण स्वतः नेऊन द्यायला तालुक्याला जाणं होत नव्हतं. अशात दिवाळीनंतर एका सकाळी निरोप आला, शिक्षण खात्याचे साहेब दुपारी शाळा बघायला येणार.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, स्वागताला फुलं हवीत."

गावात झेंडूचं एक रोप शिल्लक नव्हतं. प्यायलाच पाणी नाही, तिथं फुलं कोण जगवणार? शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींना विचारलं.

"माळावर उटकटारा फुललाय. दुसरं कायबी न्हाई," त्या म्हणाल्या.

"काट्याचं फूल साहेबांना द्यायचं?"

"मंग काय, नुस्तं हात जोडून हुबं ऱ्हायचं?"

विळा घेऊन आम्ही दोघी माळावर गेलो. मुरमात गुडघाभर उंचीची झुडपं, पानं काटेरी, आणि शेंड्यांवर चेंडूसारखी गोल, निळसर पांढरी फुलं. रोज शेजारून जायचे, पण कधी थांबून पाहिली नव्हती. मावशी कापायच्या, मी चिंधीत धरायची. तरी बोटं ओरबाडलीच.

साहेब बाराला येणार होते. एक वाजला, दोन वाजले. मी रस्त्यापर्यंत जायची, परत यायची. पर्स उघडून अर्ज बघायची, पुन्हा बंद करायची. अर्ज देताना साहेबांशी काय बोलायचं ते दहा वेळा मनात जुळवलं आणि दहा वेळा विसरले. चारला जीप आली.

मी गुच्छ पुढे केला. साहेबांनी देठ धरायचं सोडून फुलांवरच हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब. हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक.

"हे कुणाचं डोकं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले.

"न्हाई साहेब, माजं," मागून मावशी बोलल्या. "बाईंना ह्यातलं काय ठावं?"

साहेब अंगठा चोखत हसले. "बरोबर आहे. दुसरं कुठून आणणार?" आणि वर्गात गेले.

निघताना जीपपाशी थांबून त्यांनी मला विचारलं, "बाई, काही अडचण?"

मावशी दोन पावलांवर उभ्या होत्या.

"नाही साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं.

जीप दिसेनाशी झाली आणि मी स्वतःवरच चिडले. खोलीत कितीतरी वेळ येरझाऱ्या घातल्या. मावशींच्या देखत 'मला इथून जायचंय' म्हणायची लाज वाटली, एवढंच.

महिन्याभरानं अर्ज पोस्टानं पाठवला. उन्हाळ्यात बदली झाली. भीतभीतच मावशींना सांगितलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तुमचा जीव रमत न्हवता. आमास्नी काय दिसत न्हवतं व्हय?"

आणि घागर उचलून टँकरच्या रांगेकडं निघून गेल्या.