तेवीस समाधानी वाचक आणि एक बाई

मुलगा पहाटे चार वाजता आपणहून उठला, तेव्हाच आईने ओळखलं, आज काहीतरी विपरीत घडणार. चौतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. परीक्षा असो की नोकरीची मुलाखत, आधी पांघरूण ओढायचं, मग पंखा बंद करायचा आणि शेवटी वडिलांचा धाक घालायचा, हा क्रम ठरलेला. आणि याच मुलाने ‘चार वाजताचा माणूस’ नावाचं पुस्तक लिहून पदरच्या पैशाने छापलं होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एकाच कंपनीत अकरा वर्षं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला यशस्वी माणसांच्या सवयींवरचं एक पुस्तक दिलं आणि मग घरात तसल्याच पुस्तकांची रांग लागली. महत्त्वाच्या ओळी तो पिवळ्या पेनाने रंगवायचा. हळूहळू अख्खी पानंच पिवळी व्हायला लागली. “त्यापेक्षा बिनमहत्त्वाचं तेवढं रंगव, शाई तरी वाचेल,” असं वडील म्हणाले. पुढे चिरंजीवांचं स्वतःचं पुस्तक आलं, तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि यात उठवणाऱ्या आईचा उल्लेख कुठे सापडला नाही, एवढंच मत दिलं.

तीनशे प्रती पलंगाखाली गेल्या. मुलगा प्रचाराला लागला. दातांच्या डॉक्टरांना एक प्रत दिली, तिचा कोपरा तिथे आलेल्या एका बाळाने चघळला. मग त्याने लिफ्टच्या बटणांशेजारी चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘आयुष्यात अडकलात? हे वाचा.’ एका इमारतीत लिफ्ट खरोखरच अडकली आणि आतल्या गृहस्थांना अर्धा तास तेवढंच वाचायला होतं. साहेबांनी बोलावून घेतलं.

ऑनलाइन दुकानात पुस्तकाखाली एकही अभिप्राय नव्हता. मुलगा दर घासाला फोन बघायचा. तिला ते बघवेना. भाचीकडून तिने खातं कसं उघडायचं ते शिकून घेतलं आणि ‘एक समाधानी वाचक’ जन्माला आला. एकाने भागेना, म्हणून तरुण उद्योजक आले, निवृत्त शिक्षिका आल्या, एक कर्नलही आले. बघता बघता वीस झाले. सगळ्यांनी पाच तारे दिले. पण हात एकच होता. पुस्तकाने आयुष्य बदललं असं सांगून तरुण उद्योजकाने लेखकाला जेवणाच्या वेळा पाळायला सांगितलं. लेखणी धारदार आहे, मात्र अंघोळीनंतर पंख्याखाली बसू नये, असं कर्नलांनी बजावलं.

मुलाने हे सगळं जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. “आई, लोकांना माझी केवढी काळजी आहे.” नंतर वडील ओट्याशी येऊन तिला हळूच म्हणाले, “कर्नलांना सांग, माझाही गुडघा दुखतोय.”

एकविसावा अभिप्राय तिचा नव्हता. कुणा बाईंचा होता आणि त्यांनी दोनच तारे दिले होते. ‘पुस्तक अशा इतर पुस्तकांसारखंच आहे,’ ही पहिली ओळ वाचूनच तिचं डोकं फिरलं. दुपारभर बसून तिने आणखी तीन वाचक तयार केले आणि बाईंना तळाशी ढकललं.

आणि काल जेवताना मुलाने जाहीर केलं की उद्या राजीनामा द्यायचा. यापुढे फक्त लेखन. तेवीस अनोळखी माणसं उगाच सांगत नाहीत. चोविसावी बाई? ती त्याने वाचलीच नव्हती. नकारात्मक माणसांपासून लांब राहायचं, असं त्याच्याच पुस्तकात पाचव्या प्रकरणात होतं.

आज चारला उठून सकाळी आठला तो इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पत्र घेऊन गेला. कार्यालय दहाला उघडायचं. तिने मुलाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि आता खाली कसं उतरवायचं ते तिला सुचत नव्हतं. हाताला चाळा म्हणून तिने बाईंचा अभिप्राय उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला.

बाई गेल्या वर्षी अंधारात, एकट्या, चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. तिचा मुलगा दरवाज्याबाहेर जमिनीवर बसून त्यांच्याशी बोलत होता. जोडीदार वर काम करत होता आणि हा पुढचा प्रत्येक आवाज आधी सांगत होता: ‘आता टक् असं वाजेल, तो ब्रेक आहे, घाबरू नका.’ आणि टक् वाजायचं. ‘त्या माणसाने हे पुस्तक लिहिलं असतं तर मी पाच तारे दिले असते. पुस्तकात तो मला कुठे भेटलाच नाही,’ असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं.

तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

“फोन कर त्याला,” ते म्हणाले.

“अहो, तो जन्मात माझ्याशी बोलायचा नाही.”

“नाही बोलणार. पण जेवायला येईल. तरुण उद्योजकाने वेळा पाळायला सांगितल्यात ना.”

पावणेदहा झाले होते. आधी बाईंचं अक्षर न अक्षर वाचून दाखवायचं आणि मग उरलेले तेवीस जण कोण, ते कबूल करायचं, असं तिने ठरवलं. पुढचा आवाज कसला येणार, हे मात्र तिला कुणी सांगणार नव्हतं. तिने फोन हातात घेतला.