आईंची स्पॅनिश बाराखडी

माझ्या सासूबाईंना चुकलेला उच्चार सहनच व्हायचा नाही. फोनवर बँकेतली मुलगी बोलत असली तरी तिला थांबवून 'ळ' म्हणायला लावायच्या. पुण्यात आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वर्ग सुटला, सवय सुटली नाही. निरोपाचंही तेच. दारातून कुणी "जाते" म्हटलं की तिथेच अडवायच्या, "जाते नाही, येते म्हणावं." माझ्या मुलीला, इराला, एकदा त्यांनी पायातले बूट काढून पुन्हा नीट निरोप घ्यायला लावला होता.

दर उन्हाळ्यात आई आमच्याकडे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला यायच्या. अहो आई, थोडं जर्मन शिका, निदान बेकरीत पाव मागता येईल, म्हणून मी मागे लागायचे. ऐकतील तर शपथ! आणि एका वर्षी बघते तर काय, बाई मागच्या अंगणात बाकावर बसून स्पॅनिश शिकतायत. गुरू होत्या खालच्या मजल्यावरच्या पिलार. तरुणपणी स्पेनहून कारखान्यात कामाला आलेल्या, आता आईंच्याच वयाच्या आणि एकट्या. पुस्तक म्हणजे ऑलिव्ह तेलाचा डबा. पिलार त्यावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवायच्या आणि आई मागोमाग म्हणायच्या.

संध्याकाळी कणीक मळताना तो धडा मला मिळायचा. एच लिहायचा, पण म्हणायचा नाही. जे दिसला की घशातून ख काढायचा. एनवर नागमोडी रेघ असली की न्य, आपल्या न्याहारीतला. दोन आर आले की जीभ थरथरवायची, चढावरच्या रिक्षासारखी. "आणि त अगदी आपला, दाताला टेकलेला. तुमच्या जर्मनांसारखी फुंकर नाही मारायची," असं मला सुनवायच्या, जसं काही जर्मन मीच काढलंय. अर्थ कळतो का, विचारलं की म्हणायच्या, "अर्थ येईल मागनं. आधी तोंड तर उघडू दे." एकाच वाक्याचा अर्थ त्यांनी इराकरवी पिलारना जर्मनमध्ये विचारून घेतला होता, निरोपाच्या. आस्ता मान्याना, म्हणजे उद्या भेटू. "बघ, तीसुद्धा जाते म्हणत नाही!" त्यांना त्याचं कोण कौतुक.

पुढच्या उन्हाळ्यात आई आल्या तेव्हा पिलार वृद्धाश्रमात होत्या. पडून खुबा मोडला होता, आणि तिथे गेल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. मुलगा यायचा, जर्मनमध्ये बोलायचा; त्याला स्पॅनिश येत नव्हतं. पिलार भिंतीकडे बघत राहायच्या. हे ऐकून आईंनी इराकडे एकदा पाहिलं. इराला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. मला चरचरलं.

मग आई रोज आम्हाला घेऊन बसने तिथे जाऊ लागल्या. पिशवीत तो तेलाचा डबा. पलंगाशेजारी बसून पोथी वाचावी तसा तो डबा वाचायच्या, एकही अक्षर न चुकता. पिलारची मान वळायची नाही. एक दिवस निघताना आईंनी त्यांचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हास्ता मानाना." मी चाटच पडले. पिलारच्या कपाळाला आठी पडली. आईंनी पुन्हा म्हटलं, आणखी वाईट. तेव्हा पिलारची मान वळली.

"आस्ता," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आस्ता मान्याना."

बसमध्ये मी विचारलं, एवढं पाठ होतं, चुकलात कशा? "चुकेन कशी? मुद्दाम केलं," आई म्हणाल्या. "बरोबर बोललेलं माणूस ऐकून सोडून देतं. चुकलेलं सोडवत नाही गं." शेजारी इरा खिडकीतून बाहेर बघत हसत होती. त्यानंतर पिलार आईंशी रोज थोडंफार बोलायच्या. आईंना त्यातलं फारसं कळायचं नाही, पण चेहरा जर्मन लोकांसारखा गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत असल्यासारखा.

गेल्या वर्षी पुण्यात आईंना पक्षाघाताचा झटका आला. माझा नवरा तिकडे धावला. त्याने हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल लावून दिला. मी हाका मारल्या, रडले. आई छताकडे बघत राहिल्या. इराने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, मी जाते."

मी फोन ओढायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. "जाते हं, आजी."

आईंच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. "येते," जड जिभेने त्या म्हणाल्या. "येते म्हण."

"येते, आजी."

आम्ही ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं ते. आई गेल्या आणि मला कुणाशी बोलावंसंच वाटेना. घरात वावरायचे, कामं करायचे, एवढंच. तेव्हापासून इरा माझ्याशी मराठीत बोलते. 'ळ'चा 'ल' करते, भाकरीला 'तो' म्हणते. इतकं कुणी चुकतं का? मुद्दाम करते, मला कळतं. पण मला सोडवत नाही.