पांढऱ्या कड्यांवर मी पडले नव्हते

मुंबईच्या विमानतळाच्या दारातच एक मुलगी चाकाची खुर्ची ढकलत आली आणि तिने माझं नाव विचारलं. मी म्हटलं, "मीच ती. कुणाला बसवायचंय?" तर म्हणाली, तुम्हालाच. माझ्या मुलाने, विक्रमने, इंग्लंडमधून परस्पर ही सोय करून ठेवली होती.

मी कडेगावची. घरचे, म्हणजे आमचे सुभेदार, सैन्यात होते तेव्हा त्यांच्यामागे उसाला पाणी मी पाजलंय. आजही सकाळी मळ्यात चालत जाते आणि चालत येते. मला सोडायला आलेले सुभेदार मिशीत हसून म्हणाले, "बस की. पोरानं एवढं केलंय तर."

"तुमी बसा," मी म्हटलं आणि बॅग ओढत आत चालू लागले. खुर्ची रिकामी माझ्या मागनं येत राहिली. त्या मुलीला दोष नाही, पण माझं डोकं फिरलं ते तिथून.

विक्रमचं घर लंडनच्या बाहेर आहे. पहिल्या आठवड्यात त्याने मला काचेच्या भांड्यासारखं सांभाळलं. जिना उतरताना "कठडा धर", रस्ता ओलांडताना "हात दे", भाजी आणायला निघाले तर "तू कशाला, मी आणतो". सूनबाई केतकी पुण्याची. ती मधूनमधून "आई करतात की रे" म्हणायची, पण तिचंही घरात फारसं चालत नसावं.

मला त्या देशातलं एकच बघायचं होतं. समुद्राकाठचे खडूचे पांढरे कडे. केतकीने फोनवर फोटो दाखवला होता, तेव्हापासून मनात होतं. तिथे कड्यांच्या डोक्यावरून पायवाट जाते आणि ती सोपी आहे, लहान मुलंही चालतात, असं तिनेच वाचून दाखवलं होतं. त्यासाठी मी साताऱ्याहून कापडी बूट घेऊन आले होते. रविवारी पहाटे उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधली.

गाडी डोंगरउतारावरून खाली आली आणि समोर तो कडा दिसला. आपल्या महाबळेश्वरचे कडे काळेकभिन्न, पावसात धुरकट होणारे. हा पांढरा, इतका पांढरा की नव्याने चुना दिलेल्या भिंतीसारखा. हिरवं गवत येतं, येतं आणि एकदम संपतं. कठडा नाही, तार नाही. खाली समुद्राचं पाणी काठाला ताकासारखं गढूळ, पुढे निळं. एका रांगेत सात टेकड्या आहेत, त्यांना तिथले लोक सात बहिणी म्हणतात. मला आपल्या साती आसरा आठवल्या आणि मी गाडीतूनच हात जोडले.

दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी गाड्या लावायची सोय होती आणि एक चहाचं दुकान होतं. विक्रमने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. चहा आणला आणि सोबत स्कोन (जाडजूड, मऊ, नानकटाईच्या वळणाचा पदार्थ, सायीबरोबर खातात).

"आई, तू इथंच थांब. वर वारा फार आहे, चढ आहे, तुला झेपायचं नाही. आम्ही फोटो काढून आणतो."

"फोटो?"

"हो, सगळे दाखवतो तुला."

"विक्रम, येऊ देत ना त्यांना," केतकी म्हणाली.

"उगाच रिस्क नको," असं म्हणून तो चालू लागला.

मी बघत राहिले. महाबळेश्वरला जाऊन एस.टी. स्टँडवर बसून यायचं, त्यातला प्रकार! समोरून माझ्याहून म्हातारी माणसं काठ्या टेकत वर जात होती. एका बाईच्या पाठीवर झोळीत तान्हं लेकरू होतं. चहा थंडगार झाला. स्कोन मी खाल्ला, तो चांगला होता, त्याच्यावर कशाला राग काढायचा. मग धपाट्यांची पिशवी उचलली, लाल शाल खांद्यावर घट्ट बांधली आणि ते दोघं गेले त्याच्या उलट दिशेची टेकडी चढायला लागले.

चढ म्हणजे काय, आमच्या मळ्याच्या वरचा माळ याहून खडा आहे. गवत मेंढ्यांनी कातरल्यासारखं आखूड, पायाला मऊ. उघड्या जागी हात टेकला की तळवा पांढरा होई. वारा मात्र खरोखरच होता, कानाशी गच्च बोलत होता. वाटेत एका खांबावर पाटी होती. तिच्यावर कड्याचं तुटणारं टोक आणि त्याच्याबरोबर खाली जाणारा माणूस काढला होता. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी पाटी. मी काठापासून चांगली लांब राहिले.

वर पोचले. छाती भरून आली होती, दमून नव्हे, आनंदाने. एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत होती. ती हसून म्हणाली, सुंदर दिवस आहे. मीही माझ्या मोडक्या इंग्रजीत होय म्हटलं आणि समोरच्या टेकडीकडे वळले.

तिथून समोरचा कडा आडवा दिसत होता, कापलेल्या कलिंगडासारखा. त्याच्या एका टोकाला गवताची जीभ बाहेर आली होती आणि तिच्या खाली काही नव्हतं. नुसती हवा. खालचा खडू कधीच ढासळून गेला होता. त्या जिभेवर दोन माणसं उभी होती. एकाचं जाकीट पिवळं होतं. ते जाकीट सकाळी मीच खुंटीवरून काढून विक्रमच्या हातात दिलं होतं.

"आरं विक्रम! मागं सर! मागं सर रं!" मी ओरडले. वाऱ्याने शब्द तोंडातून काढून नेले. माझ्या फोनला तिथलं कार्ड नव्हतं. मी शाल सोडली आणि दोन्ही हातांनी हलवू लागले. त्याने पाहिलं. पाहिलं आणि काय केलं? त्यानेही हात हलवला! केतकीला जवळ ओढलं, फोन उंच धरला आणि पाठ समुद्राकडे करून आणखी एक पाऊल मागे गेला.

असा संताप मला जन्मात आला नव्हता. आईला बाकावर बसवून हा स्वतः हवेवर उभा! आणि त्या संतापातच सुचलं. उभी राहून हा ऐकणार नाही. मग मी शाल टाकली आणि धाडकन गवतावर आडवी झाले.

कुत्रेवाली बाई किंचाळत धावली. गुडघ्यावर बसून माझी नाडी बघू लागली. मी एक डोळा उघडून म्हटलं, "मी ठीक. माझा मुलगा. तिकडे बघा." तिने वळून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग उभी राहून तिने दोन्ही हात असे काही हलवले की मी खरंच गेले असं कुणालाही वाटावं. कुत्रा माझा कान चाटत होता, तरी मी हलले नाही.

"आले?" मी विचारलं.

"पळतायत," ती म्हणाली. "काठापासून लांब आलेत."

तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

विक्रम वर पोचला तो धापा टाकत, चेहरा खडूसारखा. "आई! आई गं!" मी उठून बसले.

"मला काही झालेलं नाही. तू कुठं उभा होतास ते बघ."

तो आधी चिडला. "असं कुणी करतं का? माझा जीव गेला असता!"

"तेच म्हणते मी. बघ तिकडं."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. केतकी मटकन खाली बसली आणि माझा हात धरून रडायला लागली. मग मीच पिशवी सोडली. त्या बाईला धपाटं दिलं, चटणीने तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, तरी तिने संपवलं. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "मी पुढच्या टेकडीवर जाणार आहे. यायचं तर या, पण आतल्या बाजूनं." दोघं मुकाट्याने मागून आले. वाट खरोखर सोपी होती.

कडेगावला परत आले तेव्हा वाटलं, आता गावाला हे सगळं सांगायचं. फाटकाशी शेजारच्या शांताकाकू उभ्या. "आवं, लय चक्कर आली व्हय? पडलासा म्हणं तिकडं. ह्या वयात कशाला जायचं डोंगरावर!" दुपारपर्यंत तिघीजणी लिंबूसरबत घेऊन आल्या. विक्रमने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं, आईला कड्यावर भोवळ आली, आम्ही धावत जाऊन उचललं.

मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "आई, मग काय सांगू लोकांना? मी कड्याच्या टोकावर उभा होतो म्हणून?"

"व्हय, तेच सांग," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो सांगणार नाही, म्हणून हे मी लिहिते आहे. लाज त्याची आणि भोवळ मला, हा हिशोब मला मान्य नाही.

संध्याकाळी सुभेदारांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते ओसरीवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पन पोरगं धावत आलं की न्हाई?"

"आलं," मी म्हटलं. "पन मी उभी हुते तवा न्हाई."