सोमवारची गोळी

गेलं वर्षभर माझं देवाशी भांडण चाललं होतं. पूजा चुकवली नाही, उपवास मोडला नाही, पण हात जोडले की मनात एकच यायचं, मी माझ्या बाजूचं सगळं मोजूनमापून केलंय, आता तुझ्या बाजूचं काय? मी शाळेत पोषण आहार शिजवते. एकशे बारा मुलांचा तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ रोज मापानं काढायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. आकडा चुकलेला मला खपत नाही. आणि माझ्या स्वतःच्या तब्येतीचे आकडे मात्र जागचे हलत नव्हते. वजन शहाऐंशी किलो. रक्तदाब वरचा एकशे सत्तर, खालचा शंभर, कधी त्याहूनही जास्त. वर्षात तीनदा गोळीची ताकद वाढवली, तरी कार्डावर महिन्याच्या महिन्याला तेच लिहून यायचं.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. फिरायला जा म्हणायचे. पहाटे पाच वाजता उठून झाडलोट, पाणी, जनावराचं शेण, मग कऱ्हाटी गावाच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवरून शाळेपर्यंत दोन किलोमीटर चालत आणि परत येतानाही चालतच. आणखी कुठं फिरू? फळं खा म्हणायचे. आमच्या चारी बाजूंना डाळिंबाच्या बागा आहेत आणि त्यांची फळं खोक्यात बसून बाहेरगावी जातात. आमच्या वाट्याला तडकलेली येतात, तीही हंगामात. तेल-मीठ कमी करा म्हणायचे. भाजी नसते त्या दिवशी तेल-मीठ आणि मिरचीचा ठेचा हेच आमचं कालवण असतं, त्यातून काय कमी करायचं? शाळेत मुलं जेवून उठली की पातेल्याच्या तळाला भात उरतो. तो टाकताना जिवावर येतं. तो भात, चारदा गोड चहा आणि बटाटा. स्वस्त तेच पोटात जातं आणि तेच अंगावर चढतं. पण हे कुणाला सांगणार? रेशनच्या रांगेत एक बाई माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "हिला कशाला गं पिवळं कार्ड? हिच्या अंगावरच सुकाळ हाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण रांग सोडून चालणार नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "बरोबर हाय की. आमच्या मॅडम नुसती हवा खाऊन बी वाढत्यात."

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही आक्का म्हणतो. त्यांना मूलबाळ नाही, दीर वारल्यापासून त्या आमच्यातच असतात. अंगानं माझ्यासारख्याच आणि रक्तदाबही माझ्यासारखाच. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात चुलीपुढं बसल्या बसल्या त्या कलंडल्या. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. वय तेव्हा एकोणपन्नास. मोठ्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा झटका आला तर सांगता येणार नाही. तेव्हापासून त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं माझ्याकडे आहे. माझं काही झालं तर त्यांना उचलणारं दुसरं कुणी नाही, ही एकच भीती मला रोज असते. म्हणून मी महादेवाला बोलले की आक्का आपल्या पायानं उंबऱ्यापर्यंत आल्या की मी पळसदेवला तुझ्या देवळात येऊन नारळ फोडीन, आणि तोवर सोमवार धरीन. गुरुवार आणि शनिवार आधीपासून होतेच. एकादशी, संकष्टी, श्रावण, नवरात्र वेगळे.

आता माझ्या नियमाबद्दल सांगते, कारण सगळं त्यावर आहे. गोळीत पीठ असतं, गोळीनं उपवास मोडतो, हे मला आक्कांनीच पूर्वी सांगितलं होतं. ऐकलं आणि मानलं असं मी करत नाही. मी औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार हसून म्हणाला, "मग! पिठाबिगर गोळी वळायची कशी?" शिवाय कार्डावर लिहिलेलं होतं, सकाळी जेवणानंतर. उपवासाच्या दिवशी सकाळी जेवण नाही, म्हणजे गोळीही नाही. संध्याकाळी उपवास सोडल्यावर घ्यावी तर दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी फार जवळ येते, म्हणून तीही नाही. आक्कांचंही तसंच. वाचा गेली तरी त्यांना वार कळत होता. सोमवारी गोळी पुढं केली की त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. अंग गेलं पण नेम सुटला नाही, असं वाटून माझे डोळे भरायचे आणि मी गोळी परत पाकिटात ठेवायचे. दवाखान्यातल्या सिस्टर दर महिन्याला विचारायच्या, "ताई, गोळी नियमानं घेता ना?" मी म्हणायचे, "नियमानंच घेते." मी खोटं बोलत नव्हते. उरलेल्या गोळ्या एका डब्यात नीट ठेवल्या होत्या. सरकारचं औषध वाया घालवत नाही, याचा मला अभिमानच होता.

या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलं आणि त्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडल्याचं कळलं. आक्का तर उंबऱ्यापर्यंत आल्या नव्हत्या. तरीही मी जायचं ठरवलं. फेडायला नव्हे, विचारायला. शाळेला सुट्टी होती. हे आक्कांजवळ थांबले आणि निघताना म्हणाले, "देवाला म्हणावं, हिचं धा किलो वजन तिकडंच ठिवून घे." मी नारळ पिशवीत टाकला आणि बाहेर पडले.

दिवस सोमवारचा. सकाळी चहा, मीठ लावलेले शेंगदाणे आणि बटाट्याचे वेफर्स एवढंच खाल्लेलं. एसटीनं बारामतीहून भिगवण, तिथून दुसऱ्या गाडीनं डाळज मागं टाकून पळसदेवच्या फाट्यावर उतरले. गाव ओलांडून पुढं गेलं की एरवी पाणी असतं तिथं भेगाळलेला गाळ होता आणि लांब देवळाचं काळं शिखर दिसत होतं. मी चालू लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. निम्म्या वाटेत मानेच्या मागं घण बसल्यासारखे ठोके पडायला लागले, समोरच्या शिखराची दोन शिखरं दिसायला लागली. एका उपड्या होडीचा आधार घेऊन मी खाली बसले तेव्हा पदरावर रक्ताचे थेंब पडलेले दिसले. नाकातून येत होतं.

होडीच्या सावलीत एक बाई मासे निवडत बसली होती. वयानं माझ्याहून थोरली, अंगानंही माझ्याहून मोठी. तिनं हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"काय गं बया, नाकातनं रगात येतंय तुझ्या. बीपी हाय का?"

"हाय."

"गोळी घेतली का आज?"

"आज सोमवार हाय."

"मग? सोमवारी बीपी सुट्टीवर जातंय व्हय?"

मला राग आला. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं! मी म्हणाले, "उपास हाय माझा. गोळ्या हायत्या पिशवीत. उद्या सकाळी घेणार."

"पिशवीत?" ती म्हणाली. "पिशवीला बीपी हाय का तुला?"

तिनं हात धुतले, पाटीच्या कडेचं फडकं सोडलं आणि ज्वारीची भाकरी आणि चटणी माझ्यापुढं ठेवली. भाकरीला माशांचा वास येत होता. मी हात मागं घेतला. म्हणाले, "मावशी, म्होरं महादेव हाय. सोमवारी, माशाच्या पाटीतली भाकरी खाऊ? नवस हाय माझा."

तिनं ओल्या हातानं शिखराकडे बोट केलं. "त्यो देव बघ. वरसातलं कितीक म्हयनं पाण्याखाली असतोय. मासं त्येच्या गाभाऱ्यातनं हिंडत्यात. त्येला कवा इटाळ झाला का? आन् त्यो पाण्यात असतोय तवा तुमी समद्या कुठं असता गं? म्हणतोय का त्यो, माजा सोमवार बुडवला म्हणून? खा गुमान."

वर्षभर मी देवाला माझी बाजू ऐकवत होते, आणि त्याची बाजू अशी कुणी मांडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी चार घास खाल्ले आणि तिच्या कळशीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. तिनं आपल्या पदराची गाठ मला दाखवली. आत गोळ्यांचं पाकीट होतं. "माजी हितं असती. पाटी इसरंल, पदर कसा इसरंल?" मग तिनं मला धरून रस्त्यापर्यंत नेलं, भिगवणकडे मासे नेणारा टेम्पो थांबवला आणि ड्रायव्हरशेजारी बसवलं. "दवाखान्याच्या दारात सोडायचं हिला, फाट्यावर न्हाय," असं त्याला दोनदा बजावलं आणि उन्हात मासे खराब होतील म्हणून ती लगेच माघारी वळली. मी नावही विचारलं नाही. देवळापर्यंत तर पोचलेच नाही. नारळ पिशवीत तसाच होता.

दवाखान्यात रक्तदाब निघाला दोनशे दहा आणि एकशे वीस. मला झोपवून औषध दिलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं, पीठ, वार, डबा, सगळं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ही गोळी उपाशीपोटी घेतली तरी चालते. न घेतलेली चालत नाही." मी विचारलं, "पण गोळीत पीठ असतं का?" ते म्हणाले, "असेल थोडं. त्यानं देव काय करतो ते मला ठाऊक नाही. गोळी न घेतल्यावर डोक्यातली शीर काय करते ते ठाऊक आहे."

खाटेवर पडल्या पडल्या मी बोटांवर मोजायला लागले. नेमका आकडा घरी आल्यावर कॅलेंडरवरून काढला. तीनशे पासष्ट दिवसांतले एकशे चौऱ्याण्णव दिवस उपवासाचे. म्हणजे गोळ्या घेतल्या एकशे एकाहत्तर. माझ्या डब्यातही बरोबर एकशे चौऱ्याण्णवच उरल्या होत्या, दहा-दहाची एकोणीस पाकिटं आणि वर चार. माझा हिशोब एका गोळीनंही चुकला नव्हता. निम्म्याहून जास्त दिवस औषध न घेता मी देवाला विचारत होते, औषध लागू का पडत नाही. आणि त्याच खाटेवर मला आठवलं, आक्का पडल्या तो नवरात्रातला नववा दिवस होता. गोळीविना आठ दिवस पूर्ण आणि नवव्याची सकाळ. देवानं त्यांचं सत्त्व पाहिलं असं आम्ही तेव्हा म्हणालो होतो. दोन वर्षं आम्ही ती गोष्ट त्याच्या माथी मारली होती आणि त्यानं ती मुकाट्यानं घेतली होती. मी भिंतीकडे तोंड करून रडले. दवाखान्यातून घरी फोन गेला होता, संध्याकाळी शेजारणीला आक्कांजवळ बसवून हे मला न्यायला आले. माझ्या पदरावरचं रक्त त्यांनी पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मी आक्कांपुढं गोळी धरली. त्यांनी ओठ मिटले. मी समजावलं, डॉक्टरांचं सांगितलं, रागावले. "आक्का, तुमी पुन्यांदा पडलात तर मी काय करू?" असंही म्हणाले. ओठ मिटलेलेच. मग मी देव्हाऱ्यासमोरचं तीर्थ घेतलं, त्यांच्या डोळ्यांसमोर माझी गोळी जिभेवर ठेवली आणि तीर्थाबरोबर गिळली. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. आपला झटका कशामुळं आला होता ते त्यांना त्या क्षणी कळलं की आधीपासूनच ठाऊक होतं, मला सांगता येणार नाही, आणि मी कधी विचारणारही नाही. त्यांनी तोंड उघडलं.

तेव्हापासून दोघींच्या गोळ्या देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी असतात. पूजा झाली की गोळी, वार कोणताही असो. सोमवार मी अजून धरते, फक्त वेफर्स आणि खारे दाणे बंद केलेत. रक्तदाब आता एकशे अडतीस आणि अठ्ठ्याऐंशी आहे. वजन चौऱ्याऐंशी. आक्का उंबऱ्यापर्यंत आलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, कदाचित येणारही नाहीत. पण दुसरा झटका आलेला नाही.

दिवाळीनंतर मी त्या बाईला साडी द्यायला गेले. पाणी भरलं होतं, देऊळ कुठं होतं तेही दिसत नव्हतं. काठावर चौकशी केली तेव्हा कळलं, ती भिगवणच्या बाजारात बसते. सापडली. मी ओळख सांगितली, रक्त, होडी, भाकरी. तिला काहीच आठवेना. "कितीक जणींला सांगती मी बया, ध्यानात कुठं ऱ्हातंय," असं म्हणून तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आज घेतली का पर?"

"घेतली. आन् तुमी?"

ती थांबली. मग कपाळावर हात मारून घेतला, "आगं बया!" म्हणत पदराची गाठ सोडायला लागली. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली.

तिच्यात देव होता असं मी कुणाला सांगत नाही. तिच्या हाताला माशांचा वास होता आणि तिलाही माझ्यासारखंच बीपी होतं. मी एवढंच सांगते की देवापुढं मी वर्षभर माझे आकडे मांडत होते, आणि ते त्यानं कधी मागितलेलेच नव्हते. त्यानं फक्त मला उचलून परत आक्कांच्या खाटेपाशी आणून सोडलं. आता सकाळी तीर्थाबरोबर गोळी गिळताना मी काही मागत नाही. हात जोडते आणि आक्कांना भरवायला बसते.