बंगळुरूतला उंबरा

नाशिकला सिडकोतल्या त्या गल्लीत कुसाबाईचं घर शोधायला पत्ता लागत नाही. "माहेरवाशिणींचं घर कुठलं?" एवढं विचारलं तरी कोणीही बोट दाखवतं. घर म्हणजे काय, तर मोजून अडीच खोल्या. पण तिच्या नवऱ्याच्या, कारभारीच्या, चारही बहिणींना आईवडलांच्या मागे माहेर उरलं ते याच अडीच खोल्यांत. कारभारी अंबडच्या कारखान्यात फिटर होता. बहिणी आल्या की त्यानं मुकाट्यानं जेवायचं आणि बाहेर गॅलरीत अंथरूण टाकायचं, हा कुसाबाईचा कायदा. नणंदांना ती कामाला हात लावू द्यायची नाही. डोक्याला तेल, आवडीची भाजी, आणि दुपारी खिडकीला चादर लावून खोलीत अंधार. धाकटी नणंद म्हणायची, वहिनी, जेवायला कुठंही मिळतं, झोप मात्र तुझ्याकडंच लागते.

हे वाक्य कुसाबाई आल्यागेल्याला ऐकवायची, आणि का नाही ऐकवायचं? तिची स्वतःची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. बाळंतपणालासुद्धा तिला जायला जागा नव्हती. जे तिला कोणी दिलं नाही ते तिनं दुसऱ्यांना पोटभर दिलं होतं आणि त्याचा तिला गर्व होता. असला गर्व माणसाला शोभून दिसतो.

आणि बघा, नेमकं तिच्याच पोटच्या पोरीला माहेर मिळेना. हर्षाली एकुलती एक. लग्न होऊन बंगळुरूला गेली, तिथं एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. दोन वर्षं झाली, तिचं नाशिकला येणं जमलं नव्हतं. दिवाळीचं तिकीट काढलं, रजा नामंजूर झाली. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं काढलं, तेव्हाही तेच. फोनवर विचारलं की "बरी आहे गं" म्हणायची, पण त्या "बरी"मध्ये जीव नसायचा. एका संध्याकाळी कुसाबाई भाकरी थापत असताना तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि पोर एकदम म्हणाली, "आई, मला काही नको. तुझ्याकडं येऊन चार दिवस नुसतं झोपायचंय." पुढं काही विचारायच्या आत तिला कुणीतरी मीटिंगला बोलावलं आणि फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी करपली तरी कुसाबाईला कळलं नाही.

त्या रात्री तिनं कारभारीला सांगून टाकलं की पोरीला यायला जमत नाही ना, मग आपणच तिच्यासाठी माहेर घेऊन जायचं. कारभारीनं सरळ हिशोब मांडला: शेखर, म्हणजे जावई, इतक्यांदा बोलावतो, त्यांच्याकडेच उतरू. कुसाबाईनं कपाळावर हात मारला. शेखर गुणी पोरगा, त्याची आई वत्सलाबाई लाख माणूस. पण सासरच्या घरात आई पाहुणी म्हणून बसणार आणि लेक तिच्यासाठी चहा टाकत धावपळ करणार, याला काय माहेर म्हणायचं? मग लॉज बघू, कारभारी म्हणाला. त्यावर तर तिनं कूस बदलून पाठच केली.

वाट दाखवली ती रेहानानं. रेहाना शेजारची, मूळची येवल्याची, ब्लाउज शिवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती मागच्या वर्षी घरच्यांना घेऊन हैदराबादला गेली तेव्हा फोनवरून चार दिवसांसाठी अख्खं घर भाड्यानं घेऊन राहिली होती. तिनं कुसाबाईच्या फोनवर ते अॅप टाकून दिलं आणि एकच गोष्ट बजावली: भाभी, फोटोवर जाऊ नका, राहून गेलेली माणसं खाली काय लिहितात ते वाचा.

पुढचे आठ-दहा दिवस कुसाबाईनं बंगळुरूची घरं अशी निवडली जशी काही हर्षालीसाठी पुन्हा स्थळं बघत होती. एक घर पांढरंफेक, बसायची भीती वाटावी असं. एका घरात न्हाणीत भलामोठा टब, तो बघून कारभारी म्हणाला, पाण्याची टाकी घरात कशाला ठेवलीय यांनी? बऱ्याच ठिकाणी विजेची शेगडी. ती सगळी घरं बाद, कारण भाकरी जाळावर फुगते. शेवटी तिला एक फ्लॅट सापडला. गॅसची शेगडी होती, निजायच्या खोलीला जाड पडदे होते, आणि पोरीचं घर तिथून जवळ. खाली कोणी वायफायचं कौतुक केलं होतं, कोणी गॅलरीचं. त्यात एकानं लिहिलं होतं की आमच्या आईला इथं शांत झोप लागली. कुसाबाईनं ते तीनदा वाचलं.

एवढं सगळं ठरल्यावर तिच्या मनात एक शंका आलीच. फोटोत कुठंही दाराचा उंबरा दिसत नव्हता. लेक दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, पायांवर पाणी घालायचं, मग तिनं उंबरा ओलांडून आत यायचं, ही चाल तिनं चार नणंदांसाठी कधी चुकवली नव्हती. तिनं घरमालकिणीला मराठीतच लिहिलं की तुमच्या दाराला उंबरा आहे का. ते अॅप इकडची भाषा तिकडं करून देई. उत्तर आलं: मर्यादा काही नाही, चौघांपर्यंत खुशाल राहा. कुसाबाई बुचकळ्यात पडली. तिनं पुन्हा लिहिलं, मी दाराच्या उंबऱ्याचं विचारते आहे. उत्तर आलं: दाराला वेळेची मर्यादा नाही, कधीही या-जा. रेहानानं ते वाचलं आणि ती हसून हसून खुर्चीतच कलंडली. फोननं उंबऱ्याची इंग्रजी करताना पार मर्यादा करून टाकली होती.

कारभारीलाही हसू आलं. उंबरा नसला तर नसला, तो म्हणाला, घर ते घर. कुसाबाई मात्र हसली नाही.

"उंबरा नाय ती नुसती खोली," ती म्हणाली. "खोलीत माणूस मुक्कामाला येतं, माहेराला नाय येत."

कारभारीची नजर घरच्या उंबऱ्याकडं गेली. बायकोच्या आवाजातलं काहीतरी त्याला लागलं असावं.

जायच्या आधी कुसाबाईनं विहिणीला फोन केला. ईनबाई, चार दिवसांसाठी तुमची सून मागायला आलेय, असं तिनं सरळच सांगितलं. मनात धाकधूक होती, वत्सलाबाई दुखावल्या तर काय, आमचं घर काय कमी पडलं म्हणाल्या तर काय.  पण वत्सलाबाई म्हणाल्या की मला माहेर सरून कितीतरी वर्षं झाली हो, रविवारी मलाही जेवायला बोलवा. कुसाबाईनं लगेच सामानाच्या यादीत पुरणाची डाळ वाढवली.

निघायच्या दिवशी सामानात पीठ, गुळाची ढेप, घरचा मसाला, खोबरेल तेलाची बाटली असं सगळं भरलं, आणि कारभारीच्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबडी फळी. ती कशाला, तर म्हणे गाडीत पत्ते खेळायला. मनमाडपर्यंत एसटीत ती फळी तीन माणसांना लागली आणि कुसाबाईनं त्याला तीनदा बोलून घेतलं. आगगाडीत पत्ते काही निघाले नाहीत.

फ्लॅटचं दार उघडलं आणि कुसाबाईनं आधी खाली बघितलं. बाहेरची फरशी सपाट तशीच आत गेलेली, मध्ये रेघसुद्धा नाही. ती पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा कारभारी दारात गुडघ्यांवर बसला होता. चादरीतून निघाली होती सागवानी पट्टी, घासून गुळगुळीत केलेली, खाली रबर चिकटवलेलं, म्हणजे खिळा नको आणि फरशीला ओरखडाही नको. चौकटीत ती अशी चपखल बसली की इकडे ना तिकडे. दाराची रुंदी त्यानं घरमालकिणीला गुपचूप विचारली होती, आणि आकडा असल्यामुळे फोनला त्याची काही मर्यादा करता आली नव्हती.

"आता घाल हळदकुंकू," तो वर न बघता म्हणाला. अंबडला उभा जन्म लोखंड घासलेला हा माणूस, बायकोपुढं त्याला आपल्या कामाचा असा गर्व पहिल्यांदाच वाटला असेल. कुसाबाईनं डोळे पुसले आणि मग हळद शोधली.

हर्षाली संध्याकाळी ऑफिसातून परस्पर आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, डोळे खोल गेलेले. दुरूनच म्हणाली की आई, जेवून लगेच निघते, उद्या शनिवार असला तरी सकाळी एक कॉल आहे. कुसाबाई म्हणाली, आधी तिथंच थांब. पोर थांबली. तिनं खाली बघितलं, हळदकुंकू लावलेला उंबरा बघितला, बाजूला उभ्या बापाकडं बघितलं. भाकरतुकडा ओवाळून झाला, पायांवर पाणी पडलं. "दादा, तुम्ही हा नाशिकहून आणलात?" एवढंच ती बोलू शकली, आणि उंबरा ओलांडून जी आईच्या गळ्यात पडली ती बराच वेळ सुटलीच नाही.

जेवण झालं, डोक्याला तेल लागलं. तेल लावता लावताच तिची मान आईच्या मांडीवर कलली. कुसाबाईनं पडदे ओढले. सकाळी फोन वाजला तो कारभारीनं उचलला आणि त्या कॉलवाल्याला सांगितलं की मॅडम माहेरी गेल्यात. पोर उठली तेव्हा दुपारची भाकरी तव्यावर होती. रविवारी शेखर आणि वत्सलाबाई जेवायला आले, पुरणपोळी खाल्ली, आणि जेवल्यावर वत्सलाबाईंनाही त्याच अंधाऱ्या खोलीत असा डोळा लागला की शेखरनं चहाला हाक मारायची हिंमत केली नाही.

त्याच संध्याकाळी कुसाबाई इमारतीच्या फाटकाबाहेर भाजीच्या गाडीवर मेथी निवडत होती. हर्षाली दूध घेऊन परतत होती. फाटकावर धोंडीराम नावाचा खानापूरकडचा वॉचमन होता, मराठी बोलणारा; तो आजच रजेवरून परतला होता, त्यानं तिला अडवलं आणि कोणाकडे जायचंय म्हणून विचारलं.

"आईकडं," हर्षाली म्हणाली. फ्लॅट कुठला तेही सांगितलं.

धोंडीराम हसला. त्या फ्लॅटला कोणाची आई राहत नाही, ताई, तो म्हणाला, तिथं दर चार दिवसांनी नवी माणसं येतात.

"येऊ द्या की," हर्षाली म्हणाली. "या चार दिवसांत ते माझं माहेर आहे. वर जाऊन बघा, उंबरा आहे दाराला."

कुसाबाईच्या हातातली मेथी हातातच राहिली. भाजीवाल्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं एकाऐवजी चार जुड्या घेतल्या. फाटकातून आत जाताना तिनं धोंडीरामकडं असं बघितलं, जशी ती सगळी इमारत तिच्याच नावावर होती. वर जाऊन तिनं कारभारीला एवढंच सांगितलं की निघताना उंबरा नीट बांधून घ्या, पुढच्या खेपेलाही लागेल.